पस्तिसाव्या अंकापाशी थांब

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, तुझ्या 'स्कॅल्प्ड'चे दहाही भाग आणलेत. शनिवार-रविवारात संपवतो." मी बरं म्हटलं, पण रात्री झोप लागेना. या अमेरिकन गुन्हेगारी कॉमिक्स-मालिकेचे तेच 60 अंक सुटे सुटे वाचायला मला साडेपाच वर्षं लागली होती. पहिला अंक आला जानेवारी 2007 मध्ये, शेवटचा ऑगस्ट 2012 मध्ये. नवे अंक बुधवारी यायचे. तुला बाबागाडीत बसवून मी दुकानात जायची आणि घरी आल्यावर अंक सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची. रक्त, शिव्या, नशा, सगळंच त्यात उघडंवाघडं. आता तू मोठा झालास, खुशाल वाच. फक्त घाई करू नकोस.

कथेचा नायक डॅश बॅड हॉर्स पंधरा वर्षांनी आपल्या वस्तीवर, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशात, परततो. साउथ डकोटामधली ती 'प्रेअरी रोज' वस्ती काल्पनिक आहे, पण तिच्यामागे लाकोटा या मूळ अमेरिकन जमातीची खरीखुरी पाइन रिज वस्ती आहे. 1975 मध्ये तिथे एफबीआयचे दोन अधिकारी गोळीबारात मारले गेले होते. लेखक जेसन आरनने कथेचं मूळ तशाच एका घटनेत रोवलंय. डॅश एफबीआयचाच छुपा माणूस. त्याची आई जीना मूळ रहिवाशांच्या हक्कांच्या जुन्या चळवळीतली. ती त्याच्या भेटीसाठी तळमळते आणि तो तिला टाळत राहतो. पहिल्याच वर्षात तिचा खून होतो. पुढचा अंक यायला महिना होता. तो महिनाभर तू मांडीवर झोपलास की मला जीना आठवायची. नंतर डॅश दुसऱ्याच एका खून झालेल्या बाईसाठी, तिच्या पोरांसाठी जिवाचं रान करतो, पण स्वतःच्या आईसाठी त्याला रडता येत नाही. हे तू एका बैठकीत वाचलंस तर पुढच्या पानावर जाशील. मला ते महिनोन्महिने सोबत बाळगावं लागलं.

वस्तीचा प्रमुख आणि तिथल्या गुंडांचा म्होरक्या रेड क्रो, त्याच्याबद्दलही तसंच. पहिली दोन वर्षं मला त्याचा नुसता राग यायचा. पुढे राग गेला नाही, पण त्याच्याबद्दल वाईटही वाटायला लागलं. मालिकेचा चित्रकार गेराने त्याचा चेहरा असा काढलाय की डोळ्यांखालच्या सुरकुत्यांकडे बघत बसावं.

आता मुख्य सांगायचं ते. सातव्या पुस्तकाची सुरुवात 35 व्या अंकाने होते. आधीचं सगळं ऐन रंगात आलेलं, मी महिनाभर वाट बघितलेली, आणि अंकात डॅश नाही, रेड क्रो नाही. चित्रंही गेराची नाहीत, डानियेल झेझेलची आहेत. वस्तीपासून लांब राहणारं एक म्हातारं जोडपं. हिवाळा, घरातलं अन्न संपत आलेलं, आणि कुणापुढे हात पसरायचा नाही असा त्यांचा हट्ट. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. जे आहे ते मनातल्या मनात. गुन्ह्याच्या कथेत गुन्हाच नाही! आधी मी चिडले. मग पुन्हा वाचला, त्या आठवड्यात तिसऱ्यांदाही वाचला. एका रात्री जतला फोन लावला. आजोबा घाबरले, काय झालं म्हणाले. मी विचारलं, "पाऊस पडला का?" ते बराच वेळ विहिरीबद्दल बोलत राहिले, आजी मागून बिल वाढेल म्हणून ओरडत होती.

आणखी एक. ही वस्ती वाचून सगळे लाकोटा असेच, असं मनात धरू नकोस. आरन त्यांच्यातला नाही, आणि या चित्रणावर आक्षेपही घेतले गेलेत. ते मला पटतात, तरी मालिका मला प्रिय आहे. पण त्यातलं 'व्हाइट हेवन' हे दारूचं गाव हवेतलं नाही. पाइन रिजच्या सीमेला लागून नेब्रास्कात व्हाइटक्ले आहे. वस्तीत दारूबंदी, आणि तिथे मूठभर घरांसाठी बिअरची चार दुकानं. ती 2017 मध्ये बंद झाली. हे आधी वाच, मग व्हाइट हेवनची पानं बघ.

शनिवारी सहा पुस्तकं वाच हवी तर. सातव्यातला पहिला अंक झाला की पुस्तक मिट आणि मला फोन कर. कितीही वाजलेले असोत, मी उचलेन.

तुझी,
आई