व्याख्यान झाले, नोंदवहीचे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गावच्या संग्रहालयातील स्मृतिव्याख्यानमालेचे पहिले पुष्प गुंफले गेल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. ज्याला पद नव्हते, पगार नव्हता अशा स्वयंसेवकाच्या नावाने व्याख्यानमाला सुरू होते, याबद्दल आयोजकांचे मनापासून अभिनंदन. पण बातमीत 'संग्रहालयाला वाहून घेतलेले' हे शब्द तीनदा आले आणि त्यांनी तिथे नेमके काय केले, याची एक ओळही नाही. वक्त्यांचा विषय 'वारसा आणि पर्यटन'. त्यातही या माणसाच्या कामाचा उल्लेख झाल्याचे दिसत नाही.

आणि तो फोटो! पाहुणे समई लावताहेत, समईपासून हातभर अंतरावर उघडी पोथी, पोथीवर झेंडूच्या पाकळ्या आणि वरून हॅलोजनचा झोत. ज्यांनी पोथीच्या टेबलावर पाण्याचा तांब्यासुद्धा कधी ठेवू दिला नाही, त्यांच्याच स्मृतिदिनी हे व्हावे?

पोथीची शाई काजळी आणि डिंकाची असते. ती कागदात मुरत नाही, वर बसते. ओली पाकळी चिकटली की अक्षर पसरते, ते पुन्हा जागेवर येत नाही. पानावर मधेच पिवळा पट्टा दिसतो तो हरताळ, चुकलेले अक्षर झाकण्यासाठी फासलेला. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे संयुग, म्हणून पोथी हाताळल्यावर हात धुवायलाच हवेत. कागद, कापड आणि रंगकामाला ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचे एकक) जास्त प्रकाश नको. प्रकाशाने होणारे नुकसान साठत जाते, पोथी नंतर कपाटात बंद केली म्हणून ते भरून निघत नाही. त्याच फोटोत मागे दिसणारी पंचरशी मूर्ती लखलखीत झाली आहे. ही चकाकी बहुधा चिंच-मिठाने घासल्याची. मिठातला क्लोराइड खाचांत राहतो, पावसाळी दमटपणात तिथे फिकट हिरवी भुकटी धरते आणि धातू आतून खाल्ला जातो.

या स्वयंसेवक गृहस्थांचे खरे काम म्हणजे संग्रहालयातल्या वस्तूंची नोंदवही. सुट्या पानांची नव्हे, बांधीव. खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही. चुकले तर एक आडवी रेघ आणि शेजारी सही. दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत. वस्तूवर क्रमांक घालण्याचीही रीत ठरलेली. दगडाच्या मागच्या अंगाला अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की बारीक शाईने क्रमांक आणि त्यावर पुन्हा एक थर. उद्या काढायचा झाला तर अ‍ॅसिटोनने निघतो, दगडाला काही होत नाही. पोथीला फक्त मऊ पेन्सिल. कापडाला क्रमांक लिहिलेली सुती पट्टी दोन टाक्यांनी. नाण्यावर काहीच नाही, क्रमांक पाकिटावर. आज याच संग्रहालयातल्या वीरगळांवर पांढऱ्या ऑइलपेंटने आकडे रंगवले आहेत. ते काढायला गेले तर दगडाचा पापुद्रा निघेल.

नोंदवहीतला सगळ्यात मोलाचा रकाना 'सापडले कुठे' हा. देणाऱ्याचे नाव सगळे लिहितात, हा रकाना मात्र कोरा राहतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या शासकीय संग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे, ते तिथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडणाऱ्या वस्तू त्यांनी जमवून जपल्या म्हणून. तेर आणि भोकरदनच्या हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेई शहरात सापडलेल्या मूर्तीशी जुळतात. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे काळाचाही अंदाज बांधता येतो. पण ही जुळणी जमते ती कोणती वस्तू कुठल्या गावची, हे ठाऊक आहे म्हणूनच. गावाचे नाव हरवले की उरते नुसती बाहुली.

म्हणून आयोजकांना कळकळीची विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या वक्त्यांना दोन महिने आधी भांडारात बोलवा आणि तिथल्या एकाच वस्तूवर बोलायला सांगा. व्याख्यानाआधी राहिलेल्या ५० वस्तूंच्या नोंदी पुऱ्या करा आणि त्या श्रोत्यांपुढे वाचा. फ्लेक्स, शाल आणि श्रीफळाच्या पैशात आम्लविरहित कागद, आर्द्रतामापक आणि पोथ्यांच्या बासनांसाठी मांजरपाट येईल. मांजरपाट दोनदा धुऊन खळ काढून मगच वापरावा, खळ राहिली की कसर लागते. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची निळी खडी गुलाबी झाली म्हणून फेकू नका. १२० अंशांवर दोन तास तापवली की ती पुन्हा निळी होते आणि पुन्हा कामाला येते. पावसाळ्यात कपाटातली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशी आलीच. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा सुटत नाही.

जाता जाता आपल्या वार्ताहरांबद्दल. शेजारच्या चौकटीत नाण्याच्या फोटोखाली 'शिवकालीन होन' असे छापले आहे. होन सोन्याचा, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. फोटोतले नाणे तांब्याचे आहे, ती शिवराई. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे दोन्हींवर असतात, म्हणून घोटाळा होतो. शिवाय हीच अक्षरे घेऊन शिवराई पुढे पेशवाईतही पाडली जात होती, आणि या नाण्यावर तर मधोमध दोन आडव्या रेघा स्पष्ट दिसतात. ही दुदांडी शिवराई, शिवकाळानंतर बरीच उशिराची. त्या नाण्याच्या पाकिटावर हे सगळे त्या स्वयंसेवकांच्याच अक्षरात लिहिलेले आहे. फोटो काढताना पाकीट उलटून पाहिले असते तरी पुरले असते. कृपया उद्याच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक