गाळ काढा, पण गोटे राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या भागातील नद्या आणि पऱ्यांचा (डोंगरातून येणाऱ्या लहान ओढ्यांचा) गाळ उपसल्याची बातमी आपल्या दैनिकात छायाचित्रासह वाचली. पुढे पोकलेन, त्याच्याजवळ नारळ फोडणारी मंडळी आणि मागे कालव्यासारखा सरळसोट झालेला पऱ्या. बातमीत 'नदी मोकळी झाली' असे म्हटले आहे. छायाचित्रात एकही गोटा दिसत नाही, हे मात्र कोणाच्या लक्षात आलेले नसावे.

माझे सुपारीचे आगर संगमेश्वर तालुक्यात अशाच एका पऱ्याच्या काठावर आहे. आमचा पऱ्या शास्त्रीला मिळतो आणि शास्त्री जयगडला समुद्राला. आमच्याकडे हे काम दोन उन्हाळ्यांपूर्वी झाले. साकवापासून (पऱ्यावरच्या लहान पुलापासून) वरच्या डोहापर्यंतचे सगळे गोटे उचलले, काठचे करंज आणि जांभळी तोडल्या, दोन्ही अंगांना भिंत घातली आणि साकवावर पांढरा लखलखीत दिवा लावला. डंपर किती भरले आणि कुठे रिकामे झाले हा विषय वेगळा. गावाला तो ठाऊक आहे.

लहानपणी गरी टाकायला निघालो की आमिष घरून न्यावे लागत नसे. वाहत्या पाण्यातला गोटा उचलून उलटा करायचा. खालच्या अंगाला चपटे, तीन शेपट्यांचे किडे सैरावैरा पळायचे. दगडाला असे चिकटलेले की नखाने खरवडून काढावे लागत. शेजारी तांदळाच्या दाण्याएवढ्या नळ्या, वाळूचा कण कणाला चिकटवून केलेल्या. नळी मागून हळूच दाबली की पुढून काळे डोके बाहेर येई. आम्ही सगळ्यांनाच 'किडे' म्हणत होतो. पुतणी प्राणिशास्त्र शिकते, तिने नावे सांगितली: शेपट्यांचा तो मेफ्लाय, नळीतला तो कॅडिसफ्लाय. चतुर आणि टाचणी (चतुरासारखाच, पण बारीक अंगाचा किडा) यांची पिल्लेही तिथेच वाढतात. मोठा झालेला चतुर पाण्यातून वर येऊन गवताच्या काडीला धरतो, पाठ उकलते आणि रिकामे कवच तिथेच लटकत राहते. आगरात पाट फिरवताना अशी कवचे पायाला लागत. आता लागत नाहीत.

हे किडे जगतात कशावर? करंजाचे पान पऱ्यात पडते, दोन गोट्यांच्या सांदीत अडकते, त्यावर बुरशी चढून ते मऊ होते, मग काही किडे ते कुरतडतात. जिथे ऊन पोचते तिथे बाकीचे गोट्यावरचे शेवाळ खरवडतात. असे महिनोन्महिने पाण्यात काढले की एका संध्याकाळी पंख फुटून वर. पंख फुटलेल्या मेफ्लायचे तोंड खाण्याच्या कामाचे राहत नाही. त्याच्या हातात काही तास, फार तर दोन-तीन दिवस. तेवढ्यात जोडीदार गाठायचा आणि अंडी घालायची. त्यातले बरेचसे तिथवर पोचतच नाहीत, कारण काठावर सगळे टपलेले असतात: नाचण, वेडा राघू, पाकोळ्या, बेडूक, पाली, अंधार पडला की वटवाघळे. पाण्यावर ओणवलेल्या दोन फांद्यांमध्ये आडवे जाळे विणणारा लांब पायांचा कोळी तर बसतोच मुळी त्यांच्यासाठी. झाडाने पाण्याला दिलेले पान अशा रीतीने पंख लावून झाडावर परत येते.

हे माझ्या आगरापुरते निरीक्षण म्हणून कोणी बाजूला सारू नये, म्हणून एक हिशेब सांगतो. जपानच्या होक्काइडो बेटावर जंगलातून वाहणारा होरोनाई नावाचा लहानसा ओढा आहे. शिगेरू नाकानो आणि मासाशी मुराकामी या दोन संशोधकांनी ओढ्यातून काठावर काय जाते आणि काठावरून ओढ्यात काय येते, याचे वर्षाचे जमाखर्च मांडले. ते २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. काठच्या जंगलातल्या पक्ष्यांना वर्षभरात लागणाऱ्या ऊर्जेपैकी २५.६ टक्के ओढ्यातून वर आलेल्या किड्यांतून भागत होती. माशांची ४४ टक्के गरज, उलट, झाडांवरून पाण्यात पडणाऱ्या किड्यांवर. (नाकानो यांना हे छापलेले पाहता आले नाही. मार्च २००० मध्ये समुद्रात बोटीच्या अपघातात ते गेले.) त्याच ओढ्याचा काही भाग जाळीने झाकून किडे वर येऊ दिले नाहीत, तेव्हा काठावरचे कोळी कमी झाले, तिथे शिकारीला येणारी वटवाघळेही कमी झाल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्याकडे जाळी लागली नाही, गोटेच नेले.

होक्काइडोत पक्ष्यांना पाण्यातल्या किड्यांचा मोठा आधार मिळतो तो झाडांना पालवी फुटण्याआधी, जेव्हा रानात खायला फारसे काही नसते. आपल्याकडे बर्फ नाही, पण फाल्गुन-चैत्र आहेच. सड्यावरचे, म्हणजे कातळी माळावरचे, गवत वाळून जाते, कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही, ओल उरते ती फक्त पऱ्याच्या डोहांत आणि गोट्यांच्या सावलीत. आणि आपण यंत्रे उतरवतो ती नेमकी त्याच दोन महिन्यांत.

दिव्याची गोष्ट सांगायलाच हवी. साकवावर दिवा लागला त्या पहिल्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमारास पाणी निवळले आणि सकाळी साकवावर पंखांचा थर दिसू लागला. झाडूने लोटावा लागे. खांबावरच्या पालींनी महिनाभर चैन केली. लोक म्हणाले, बघा किती किडे! दुसऱ्या वर्षी झाडू लागला नाही. जवळचा नवा डांबरी रस्ताही याला हातभार लावत असेल. काळ्या चकचकीत डांबरावरून प्रकाश पाण्यावरून यावा तसाच परावर्तित होतो आणि मेफ्लाय फसून रस्त्यावरच अंडी घालतात, हे हंगेरीतल्या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवले आहे.

करड्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा धोबी पक्षी दरवर्षी हिमालयाकडून आमच्या पऱ्यावर येतो आणि गोट्यागोट्यावर शेपटी हलवत उन्हाळ्यापर्यंत राहतो. यंदाही आला. दोन दिवस सिमेंटच्या भिंतीवर शेपटी हलवत बसला आणि गेला. त्याच्या जागी आता डास आहेत. सपाट केलेल्या तळात पाणी डबक्यांसारखे साचते, आणि डासांची पिल्ले पाण्यातच खाऊन टाकणारी चतुराची पिल्ले उरलेली नाहीत. म्हणून मग धुराची फवारणी. अगोदरच ब्लिचिंग पावडर टाकून मासे पकडणारे महाभाग गावात आहेत, त्यात ही भर.

चिपळूणकरांनी २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या महापुरात काय भोगले ते आम्ही जवळून पाहिले आहे. वाशिष्ठीतला गाळ काढू नका, असे म्हणण्याची माझी छाती नाही आणि माझे ते म्हणणेही नाही. पण शहराजवळ, भरतीच्या पाण्यात साचलेला गाळ आणि डोंगराच्या पायथ्याच्या पऱ्यातले गोटे ही एक वस्तू नव्हे. गाळ वरून वाहून आलेला असतो. गोटे हे त्या पऱ्याचे घर आहे, शिवाय पुराच्या पाण्याचा वेग मोडण्याचे कामही तेच करतात. अंदाजपत्रकात दोन्ही एकाच रकान्यात, घनमीटरमध्ये मोजले जातात, तिथे घोटाळा होतो. डोंगरातले पऱ्ये गुळगुळीत केले तर खालच्या गावात पाणी लवकर पोचेल, उशिरा नाही. हे समजायला अभियंता असावे लागत नाही.

म्हणून संबंधित खात्याला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. पायथ्याच्या पऱ्यांत खोलीकरण करायचेच असेल तर सलग करू नये, मधले टप्पे सोडावेत. चैत्र-वैशाखात पाणी धरणाऱ्या डोहांना हात लावू नये. भिंत घालणे भागच असेल तर एका अंगाला घालावी आणि दुसऱ्या काठचे करंज, उंबर उभे ठेवावेत. साकवावरच्या दिव्याला टोपी बसवून उजेड वाटेवर पाडावा, पाण्यावर नव्हे. याला जादा पैसे लागतील असे मला वाटत नाही, उलट डंपरच्या खेपा वाचतील.

नुकसान भरून येण्यासारखे आहे. मेफ्लायच्या माद्या अंडी घालायला बरेचदा प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला उडत जातात आणि पिल्ले पाण्याबरोबर खाली वाहत येतात. आमच्या वरच्या डोहापलीकडचा पऱ्या अजून जसाच्या तसा आहे. गेल्या मार्गशीर्षात आम्ही तिघा शेजाऱ्यांनी आगराच्या बांधावरचे काही गोटे परत पऱ्यात नेऊन टाकले. होळीच्या आदल्या दिवशी त्यातला एक उलटून पाहिला, तर खाली वाळूच्या दोन नळ्या होत्या.

त्या वरच्या टप्प्याचे काम या उन्हाळ्यात निघणार असल्याचे कानावर आहे. ग्रामसभेत मी विषय मांडणार आहे. आपल्या वार्ताहराला त्याआधी पाठवता आले तर पाहा. पोकलेनचे छायाचित्र छापून झालेच आहे. गोटा मी उलटून दाखवीन.

आपला,
एक सुपारी बागायतदार,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी