केबिनच्या दाराचा रंग

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय गड्या,

परवा फोनवर तू जो खो खो हसलास, ते अजून कानात आहे. "अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा झालास आणि झुकझुक गाडी खेळतोस?" मी तेव्हा गप्प बसलो, कारण ही शेजारीच बसली होती आणि तुझ्या बाजूनं हसत होती. दोघांशी एकदम कोण भांडणार? म्हणून आता सगळे झोपल्यावर कागद घेऊन बसलोय. शिवाय या पत्रात काकांसाठी एक काम आहे. ते शेवटी सांगतो. मधलं गाळून शेवटाकडे उडी मारू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

सुरुवात झाली कोथरूडला. भाच्याच्या मुंजीसाठी पुण्याला गेलो होतो. जेवणं आटोपली आणि कार्यालयात गाद्यांवर पाहुण्यांची घोरण्याची जुगलबंदी सुरू झाली. लेक कंटाळली होती. कुणीतरी म्हणालं, कर्वे रोडजवळ जोशांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, घेऊन जा तिला. भाऊ जोशींनी हौसेनं जमवलेलं, बांधलेलं आणि १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं. मला वाटलं, पंधरा मिनिटांत परत येऊ.

मधोमध अख्खं शहर मांडलेलं आहे. वाफेच्या इंजिनाची गाडी, भरधाव जाणारी गाडी, वरून लटकत जाणारी गाडी. सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, मोटारीत बसून सिनेमा बघायचं मैदानही आहे. मग खोलीतला उजेड हळूहळू कमी होतो आणि त्या गावात रात्र पडते. आधी पोरं पुढे होती आणि आईबाप मागे मोबाइल बघत उभे होते. थोड्या वेळानं बघतो तर आईबाप पोरांच्या डोक्यांवरून पुढे वाकलेले! मीही त्यातलाच. लेक म्हणाली, "बाबा, माझ्या खांद्यावरचा कोपर काढा." एका फलाटावर जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीचा माणूस एकटाच उभा होता आणि त्याच्यावर दिव्याचा पिवळा उजेड पडला होता. गाडी आली, गेली, तो तिथेच. का कोण जाणे, मला काका आठवले. रेल्वेच्या सिग्नल केबिनमधले, रात्रपाळीचे काका.

त्यानंतर जिथे जाईन तिथे हेच. दिल्लीला गेलो तेव्हा चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय पाहिलं. १९७७ सालचं. बाहेर खरी इंजिनं, १८५५ची फेअरी क्वीनसुद्धा पूर्वी तिथेच असायची. लोक बाहेर इंजिनांशेजारी फोटो काढत होते आणि मी आत काचेच्या पेट्यांना चिकटलो होतो. खऱ्या इंजिनापुढे माणूस मान वर करून थक्क होतो आणि पुढच्या इंजिनाकडे जातो. छोट्यापुढे वाकावं लागतं, आणि एकदा वाकलास की लवकर उठवत नाही.

पण मला खरं वेड लावलं ते सॅन दिएगोनं. ऑफिसच्या कामासाठी गेलो होतो, रविवार मोकळा होता. तिथल्या बाल्बोआ पार्कमध्ये मॉडेल रेल्वेचं मोठं संग्रहालय आहे. कॅलिफोर्नियात तेहाचापी नावाचा घाट आहे आणि त्या घाटात १८७६ साली बांधलेला एक वेढा आहे. डोंगर चढायला जागा कमी, म्हणून रूळ गोल फिरवून स्वतःच्याच डोक्यावरून नेलाय. एका वेढ्यात ७७ फूट चढ. मालगाडी पुरेशी लांब असली, तर इंजिन वरून जात असताना तिचीच शेपूट खालच्या बोगद्यात असते. तो सगळा घाट त्यांनी तिथे छोटा करून उभारलाय. गाड्या चालवतात ती क्लबातली हौशी मंडळी, बरीचशी पिकल्या केसांची. एका आजोबांच्या मागे मी अर्धा तास त्या गाडीबरोबर घाट चढलो. म्हणजे अक्षरशः चालत, कारण गाडी पुढे सरकते तसा चालवणाराही सरकतो. इतकी हळू गाडी मी कधी बघितली नव्हती. त्यांनी विचारलं, कुठला? मग काय, ठाणेकराला विचारायची खोटी. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहेब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, सगळं एका दमात ऐकवलं. आजोबांनी गाडी थांबवून ऐकलं. तू कधी थांबला होतास?

तर तुझा प्रश्न, यात मजा काय? मलाही आधी वाटायचं की मजा गाडी फिरण्यात आहे. नाही रे. फिरणाऱ्या गाडीकडे बघून दहाव्या मिनिटाला जांभई येते, खोटं कशाला बोलू? मजा आहे गाळण्यात.

थोडं गणित सांगतो, तुला आवडतं. जगात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, एकास सत्त्याऐंशी. या मापानं बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटर होतात फक्त ३९० मीटर. ठाणे स्टेशनातून निघालास तर तलावपाळीपर्यंतही पुरायचे नाहीत. ऐकायला छान वाटतं. पण माझ्याकडे काय आहे? आतल्या खोलीत, लेकीच्या टेबलाची जागा सोडून, आठ बाय चार फुटांची प्लायवुडची एक फळी. लांबी २ मीटर ४४. आणि बारा डब्यांची लोकल याच मापात होते जवळजवळ तीन मीटर! म्हणजे गाडीच फळीपेक्षा लांब. उभी करायची म्हटली तरी दोन डबे स्वयंपाकघरात जाणार.

आधी मला बोर घाट करायचा होता. तुझी-माझी डेक्कन क्वीन, कर्जतला मागून लावलेली इंजिनं, बोगदे. घाटाचा चढ आहे ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर मधे निदान आठ सेंटिमीटर उंची हवी. आठ गुणिले सदतीस कर. तीन मीटर नुसता चढ! घाट बाद. मग ठाणे स्टेशन. दहा फलाट. बाद. मग लोकलचे आठ डबे गाळले, चार ठेवले. मनाला समजावलं की १९२५ साली व्हीटीहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी सुटली तिलाही चारच डबे होते. असं करत करत उरलं काय, तर खाडी, पूल, कळव्याच्या बाजूचा थोडा काठ. आणि एक केबिन.

आता गंमत ऐक. ऐरोलीच्या ऑफिसला जाताना रोज मी ती खाडी ओलांडतो. कितीतरी वर्षं. आणि फळीवर ती करायला बसलो तेव्हा मला चिखलाचा रंग सांगता येईना. तपकिरी म्हणून रंगवला, तर गटारासारखा दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी लोकलच्या दारात उभं राहून नीट बघितलं. ओहोटीला तो राखाडी असतो, त्यावर जांभळट झाक, आणि पाण्याच्या कडेला शिशासारखी चकाकी. तिवरांच्या मुळांशी चिखलातून बोटबोट कोंब वर आलेले असतात बघ, ती त्यांची श्वास घ्यायची मुळं. ती कशाची करावी, चार दिवस सुचत नव्हतं. शेवटी बाथरूममध्ये सुचलं. जुन्या टूथब्रशचे केस! दोन-दोन मिलिमीटरचे तुकडे कापायचे, चिमट्यानं उचलायचे, ओल्या फेविकॉलमध्ये एकेक उभे करायचे. एका तळहाताएवढ्या जागेला तीन रविवार लागले. हिनं एकदा येऊन बघितलं, काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी घरातले चार जुने ब्रश धुऊन माझ्या डब्यात ठेवलेले होते. चहाचा चोथाही आता फेकत नाहीत आमच्याकडे. धुऊन, वाळवून, चाळून काठावरची माती होते त्याची.

विजेच्या तारांच्या खांबांवर आकडे असतात हे तुला माहीत असेल, तू रेल्वेच्या घरातला. मला आत्ता कळलं. वर ३४ लिहिलंय म्हणजे मुंबईहून चौतीसावा किलोमीटर. इतकी वर्षं माझ्या नाकासमोर लिहिलेलं होतं की मी कुठे आहे.

कटकटी विचारू नकोस. भारतातला मोठा रूळ १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे एचओमध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटरचा हवा. बाजारात मिळतो साडेसोळाचा, कारण तो विलायतेच्या १४३५च्या हिशेबानं केलेला. त्यामुळे आपल्या रुंद लोकलला अरुंद चप्पल घातल्यासारखं दिसतं. जाणकार आला की पहिली नजर तिथेच जाते. बाहेरून मागवलेली मोटर आली ती वाकलेल्या धुऱ्यासह; खोक्यावर मात्र 'नाजूक वस्तू' असं तीन ठिकाणी छापलेलं. पैसे परत मागण्यात दीड महिना गेला आणि मिळाले नाहीतच. पावसाळ्यात फळी फुगली आणि पुलाजवळ रूळ दोन मिलिमीटर वर आला. रुळांचा धातू निकेल सिल्व्हर, नावात चांदी, आत तांबं, निकेल आणि जस्त, आणि आपल्या दमट हवेत आठवडाभरात काळपट. मग मऊ फडक्यानं स्पिरिट लावून पुसत बसायचं. तारांसाठी लोहार चाळ आणि बारीकसारीक इलेक्ट्रॉनिक्ससाठी लॅमिंग्टन रोड, या दोन ठिकाणी मात्र मी आता गिऱ्हाइकापेक्षा जावयासारखा जातो.

एक फजिती सांगतोच. फळीच्या टोकाला मी रूळ गोल वळवून परत त्याच रुळाला आणून जोडला, गाडी फिरून माघारी यावी म्हणून. बटण दाबलं की वीज बंद. आठ दिवस जोडण्या तपासल्या, सगळ्या ठीक. नववीतली लेक आली, तिनं एका रुळावर लाल लोकर ठेवली, दुसऱ्यावर निळी, आणि बोटानं पुढे पुढे पसरत नेली. वळण पुरं झालं आणि लाल लोकर निळीला जाऊन भिडली. दोन्ही रुळांतून वेगवेगळी वीज जाते ना, गोल फिरवलं की डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि शॉर्ट होतो. त्या वळणाची दोन्ही टोकं कापून, त्याला वेगळं बटण दिलं तेव्हा कुठे गाडी माघारी आली. माझी इंजिनिअरिंगची पदवी तिनं त्या दिवशी वीस रुपयांच्या लोकरीत गुंडाळून ठेवली.

तू सॉफ्टवेअरवाला, म्हणून एक तुझ्यासाठी. 'हॅक' हा शब्द तुम्ही लोक दिवसभर वापरता, त्याला आजचा अर्थ दिला तो एमआयटीतल्या मॉडेल रेल्वे क्लबातल्या पोरांनी. १९४६ साली निघालेला क्लब. फळीखालच्या तारांशी आणि रिलेंशी झटापट करता करता ती पोरं पुढे संगणकाकडे गेली. म्हणजे तुझा धंदा माझ्या फळीखालून निघालाय. पुढच्या वेळी हसण्याआधी हे आठव.

आता काम.

केबिन करायला घेतली आहे. पुठ्ठ्याची, चार इंच लांब. जिना झाला, खिडक्या झाल्या. पण आत काय होतं ते मला अर्धवटच आठवतं. आपण सातवीत असताना काकांचा डबा द्यायला जायचो, तेव्हा लिव्हरची ती लांब रांग. लाल सिग्नलचे, काळे रूळ बदलणाऱ्या सांध्यांचे, निळे त्या सांध्यांच्या कुलपांचे, पांढरे म्हणजे कामात नसलेले, हे काकांनी शिकवलेलं पक्कं आहे. मी एकदा नुसत्या हातानं मूठ धरली आणि काका ओरडले होते. घामानं पोलाद गंजतं, म्हणून ते फडकं धरूनच लिव्हर ओढायचे. खांद्यावर कायम ते फडकं. लिव्हर किती होते? मला वाटतं चोवीस, पण लहानपणी सगळंच जास्त वाटतं. मधे सलग पांढरे दोन होते की तीन? आणि दार. मला ते हिरवं आठवतं. ही म्हणते, ठाण्यातली रेल्वेची दारं तांबडी असणार. तिनं ती केबिन बघितलेलीसुद्धा नाही, पण बोलते अशी की मलाच शंका यायला लागली. मी तिथे जाऊन पाहिलं, आता काहीच नाही, तारेचं कुंपण आणि गवत. फोटो कुठे मिळाला नाही. त्या काळी केबिनचा फोटो कोण काढणार?

म्हणून काकांना विचार. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र त्यांच्या हातात दे. सगळं नको, "आता काम"पासून पुढचं. चष्मा लावून वाचतील. सोबत एक कोरा कागद ठेवलाय, त्यावर त्यांनी लिव्हरची रांग काढून दिली तर सोन्याहून पिवळं. भुसावळच्या केबिनशी घोळ होऊ देऊ नकोस, बदलीनंतरचं नको, ठाण्याचंच हवं.

काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, तुझ्याकडचे जुने टूथब्रश फेकू नयेत.

तुझा,
खिडकीवाला

ता. क. फडक्याचा रंगही विचार. दोन सेंटिमीटरचे काका करून झालेत, खांदा तेवढा रिकामा आहे.