३७ दातांचा गिअर

प्रिय बाळू,

बरेच दिवस काही कळवलं नाही, रागावू नकोस. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच "बरं बरं" म्हणून ठेवला असतास, म्हणून टाइप करतोय. आई बरी आहे, माझी शुगर आहे तशीच.

झुआरीकाठच्या यार्डातला तो लांब बेडचा इंग्लिश लेथ आठवतो ना, ज्याच्यावर आपण बार्जचे प्रोपेलर शाफ्ट टर्न केले? त्याच्या एप्रनमधला, कॅरेजच्या पुढच्या पेटीतला, छोटा गिअर गेला. फीड चालू, पोरगा मोबाईलवर, हत्यार धरणारं कॅरेज आपोआप सरकत जाऊन काम धरणाऱ्या चकला धडकलं, दात साफ. बनवणारी कंपनी कधीच बंद झालीय, पार्ट मिळणार कुठे. मालकाचा मुलगा म्हणाला भंगारात घालूया. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा, नि परत २०१८ ला, किती चांगल्या मशिनी किलोच्या भावात गेल्या ते तू बघितलंयस. मला ऐकवेना. म्हटलं गिअर माझ्याकडे दे.

दात ३७. टोकं झिजलेली, त्यात विषम आकडा, दाताच्या समोर दात येत नाही, व्हर्निअर ९७ मिलिमीटरच्या आसपास दाखवतो. तू असतास तर लगेच ओरडला असतास, मोड्यूल अडीच, मिलिमीटरच्या मापाचा दात! अडीचने बाहेरचा व्यास ९७.५ येतो रे, पण १० डीपीने, म्हणजे इंचाच्या मापाने, ९९.०६, नि झिजलेल्या गिअरवरून कोण सांगणार? म्हणून दोन शाफ्टमधलं अंतर घेतलं. समोरचा ८३ दातांचा. अडीच असता तर १५० मिलिमीटर यायला हवं होतं, आलं १५२.४, म्हणजे बरोब्बर ६ इंच. १० डीपी! फर्मागुडीला आयटीआयत ह्याच्यावरून तू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास, आता तरी मान्य कर.

साडेचौदा डिग्रीचा, जुन्या दाताच्या कोनाचा, कटर आता कोण ठेवतो? एचएसएसचा, हायस्पीड स्टीलचा, बिट घेतला, जुन्या गिअरची न झिजलेली खाच उजेडात धरून धरून त्याला ग्राइंड केलं नि एकाच धारेचा फ्लाय कटर केला. दाताची खोली ५.४८ मिलिमीटर. इंडेक्सिंगला, दर दाताला गिअर पुढे फिरवायला, डिव्हायडिंग हेडच्या हँडलचा एक पूर्ण फेरा आणि प्लेटच्या ३७ भोकांच्या वर्तुळावर ३ भोकं. प्लेट तीच, तू कुडचड्याच्या भंगारातून उचललेली, मेस्तांनी शेवटपर्यंत कपाटात जपली होती. शेवटचा दात पहिल्याला येऊन मिळाला तेव्हा तुझीच आठवण आली, तिथे दुसऱ्या कुणाला त्याचं काय.

गिअर बसला, चालतो छान, आवाज नाही. पण बाळू, झोप उडालीय ती पुढच्या गोष्टीने. मी तो बिडाचा केला, कारण मूळचा बिडाचा होता. मालकाचा मुलगा म्हणतो ईएन२४ ह्या मजबूत स्टीलचा करून हार्डनिंग कर, परत तुटायला नको. अरे तो तुटला म्हणून तर ८३ वाला वाचला! मोठा गिअर एप्रनच्या आत, हबसकट एकसंध ओतीव, त्याचे दात गेले तर मी कुठून आणू? ज्याने कुणी मशीन बनवलं त्याने विचार करूनच छोटा कमजोर ठेवलाय. हे त्याला दहा प्रकारे सांगितलं, तो म्हणतो बेळगावहून करून आणतो. आणेल, आणि करणारा करून देईलही, काय बसवायचंय ते न विचारता. मग पुढच्या धडकेला तो लेथ संपला. एवढा लांब बेड आसपास दुसरा कुठे आहे सांग.

एकच वाट दिसते, ती तुझीच जुनी, फीड रॉडच्या कपलिंगमध्ये शिअर पिन, जास्त जोर आला की आधी स्वतः तुटणारी. मेस्तांसमोर तू किती भांडला होतास त्याच्यासाठी, नि मी म्हणायचो कामाच्या मधेच तुटेल, शाफ्टवर डाग राहील. अजूनही मला ती भीती आहे, पण पिन तुटलेली परवडली. ती असेल तर त्याने स्टीलचा गिअर घातला तरी मोठ्याला धोका नाही.

तुझ्या चाकणच्या नोकरीचं काय झालं? चिंगीची दहावी कशी गेली? वहिनींना नमस्कार, चवथीला सगळे या.

तो आठवड्याभरात बेळगावला जाणार, त्याआधी पिनचं लिही. रॉड १ इंची आहे, ब्रास धर नाहीतर माइल्ड स्टील, व्यास तू काढ. नि त्याला एक फोन कर, तुझं तो ऐकतो.

तुझा,
विठू