डिलीट दाबण्याआधी डिस्क बघा

महोदय,

जुन्या संगणकावर नवी विंडोज टाकायची म्हणजे पेनड्राइव्ह लावायचा, दिसतील ती पार्टिशन्स (डिस्कचे भाग) डिलीट करायची आणि नेक्स्ट दाबत सुटायचे, हा सल्ला हल्ली जो तो देतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपल्यापासून तर त्याला ऊतच आला आहे. या सल्ल्यापायी जो डेटा जातो, तो पुष्कळदा पुसण्याची गरजच नसते.

गाडी अडते ती एका संदेशापाशी: निवडलेली डिस्क जीपीटी, म्हणजे पार्टिशन्सची नोंद ठेवण्याच्या नव्या पद्धतीची आहे, तिच्यावर विंडोज टाकता येणार नाही. यात डिस्कचा काहीच दोष नाही, पेनड्राइव्ह संगणक सुरू करण्याच्या जुन्या, ‘लेगसी’ पद्धतीने सुरू झालेला असतो. बूट मेनूत (संगणक कशावरून सुरू करायचा, त्या यादीत) एकच पेनड्राइव्ह बहुधा दोनदा दिसतो. एका नावाआधी ‘यूईएफआय’ (सुरू करण्याची नवी पद्धत) असते, दुसरे नाव नुसतेच. संगणक पुन्हा सुरू करून ‘यूईएफआय’वाली ओळ निवडली की तो संदेश जातो, डिस्कला हात लावावा लागत नाही.

उलट, डिस्क एमबीआर, म्हणजे जुन्या नोंद-पद्धतीची, असल्याची तक्रार आली तर थोडे काम आहे. शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडावा, डिस्कपार्ट हे डिस्क हाताळण्याचे साधन सुरू करून ‘लिस्ट डिस्क’ द्यावे. शेवटच्या जीपीटी रकान्यात चांदणी (*) नसेल ती डिस्क एमबीआर. ओळख आकारावरून पटवावी: १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते, ५०० जीबीची ४६५. त्या डिस्कवर चालू विंडोज असेल, प्रायमरी (मुख्य) पार्टिशन्स तीनपेक्षा जास्त नसतील आणि एक्स्टेंडेड (पोटात आणखी भाग असणारे) पार्टिशन नसेल, तर विंडोजसोबतच येणारे ‘एमबीआर२जीपीटी’ डेटा जागेवर ठेवून रूपांतर करते. आधी ‘व्हॅलिडेट’, ते पास झाले तरच ‘कन्व्हर्ट’. नंतर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) बूट मोड यूईएफआय करायचा राहिला, तर आहे ती विंडोजही उघडत नाही. बॅकअप अर्थात आधीच घेतलेला हवा.

डिस्क खरोखरच रिकामी करायची असेल तर ‘सिलेक्ट डिस्क’, ‘क्लीन’, ‘कन्व्हर्ट जीपीटी’. मात्र ‘क्लीन’ एकदाही ‘नक्की का?’ विचारत नाही. म्हणून दुसरी डिस्क त्या वेळी काढूनच ठेवावी. त्याचा आणखी एक फायदा आहे: दोन डिस्क जोडलेल्या असल्या की विंडोज एका डिस्कवर आणि तिचे बूट पार्टिशन भलत्याच डिस्कवर, असा घोळ होतो. पुढे ती दुसरी डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही, आणि दोष नव्या एसएसडीवर येतो.

डिस्क यादीत दिसतच नसेल तर ती खराब ठरवू नये. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये व्हीएमडी ही डिस्क हाताळणारी सोय चालू असते, आणि तिच्या ड्रायव्हरशिवाय डिस्क दिसत नाही. इंटेलचा ‘रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’ने दिला की डिस्क दिसते. डिस्कच्या तब्येतीच्या ‘स्मार्ट’ अहवालात ‘पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणारे तुकडे) वाढताना दिसले, तर मात्र त्या डिस्कवर काहीच टाकू नये. डेटा काढून ती बदलावी.

बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप) चालू असेल तर बायोसला हात लावण्यापूर्वी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. त्याच लॅपटॉपवर फाइल करून ठेवलेली की कुलूप लागल्यावर उघडणार नाही.

— एक संगणक तंत्रज्ञ