मावशी, तेव्हा पिल्लू दिलं नाहीत म्हणून

मावशी,

हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल, तेही गिऱ्हाईक नसेल तेव्हाच. म्हणून जरा मोठ्यानं आणि सगळ्यांदेखतच लिहितोय.

डिसेंबर २०२४, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. धायरी फाट्याजवळच्या तुमच्या टपरीवर मी लेकाला घेऊन आलो होतो. त्याच्या हातात बुटांचं खोकं, खोक्यात जुना टॉवेल. टपरीमागच्या सिमेंटच्या पाइपात तुमच्या काळी कुत्रीची चार पिल्लं. एक कान दुमडलेली ती तपकिरी आम्ही उचललीसुद्धा. तुम्ही हातातला झारा तसाच धरून म्हणालात, "ठेवा तिला खाली दादा. तुळशीच्या लग्नाला झालीत ती. संक्रांतीला या."

मला राग आला. रस्त्यावरची तर पिल्लं, त्यात मुहूर्त कसला?

खरं सांगतो, माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की जितकं लहान आणाल तितका लळा जास्त. २०१९ मध्ये असंच एक लॅब्रडॉर आणलं होतं. विकणारा म्हणाला पंचेचाळीस दिवसांचं आहे. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं आणि जेमतेम महिन्याचं ठरवलं. नवव्या दिवशी ते पार्व्होनं, पिल्लांना होणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या आजारानं, गेलं. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला ब्रीडरला २०१७ च्या नियमांनीच मनाई आहे, हे मला त्यानंतर कळलं.

तुम्हाला नियम माहीत नव्हता, काळी माहीत होती. मग मी रोज ऑफिसातून येताना चहाला थांबायला लागलो. (एवढे वडे खाल्ले की बायकोनं हिशोब विचारला.) एकदा काळी पिल्लांसमोर ओकली. मला वाटलं आजारी पडली. तुम्ही हसलात: "भरवतेय ती त्यांना." पिल्लांना दात आले तशी ती उभ्यानंच पाजायला लागली, आणि मग गुरगुरून हाकलायलाही. आमची दुमडकान भावाचा कान धरून लोंबायची. तो केकाटला की सोडायची. पुन्हा धरायची, पण जरा हलकेच. आज लेकाचा हात तिच्या तोंडात असतो आणि ओरखडा उठत नाही, ते त्या पाइपात शिकून आलेलं आहे. माणसाच्या घरात एकटं आलेलं महिन्याचं पिल्लू हे कुणाकडून शिकणार?

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. सहाव्या आठवड्यात काळं पिल्लू टेम्पोखाली आलं. त्या संध्याकाळी मी तुमच्याशी भांडलो. दिलं असतं तर वाचलं असतं, असं बोललो. तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी पाइपाभोवती दुधाचे क्रेट तारेनं बांधलेले दिसले. त्या बोलण्याची माफी मी अजून मागितलेली नाही, ती इथं मागतो.

संक्रांतीला आलो. बासष्ट दिवसांची झाली होती ती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलीत. आईकडून आलेली रोगप्रतिकारशक्ती हळूहळू ओसरते, पण ती असेपर्यंत लस नीट धरत नाही. म्हणून पहिल्या लशीवर भागत नाही, चार महिन्यांची होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. रेबीजची तीन महिन्यांनंतर. आणि साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत जे दिसेल, ऐकू येईल, ते पिल्लू पटकन आपलंसं करतं, त्यामुळे फार उशीरही बरा नाही. लशी पुऱ्या होईपर्यंत आम्ही तिला कडेवर घेऊन भाजी मंडई दाखवली, छत्री उघडून दाखवली. कुकरच्या शिट्टीचं तिला काहीच वाटलं नाही. तुमच्या टपरीवर रिक्षांचे हॉर्न ऐकूनच ती वाढली होती. घाबरली ती फक्त कपाटाच्या आरशाला.

तिचं नाव आम्ही तीळ ठेवलंय, हे तुम्हाला माहीत आहे.

फेब्रुवारीत काळीला नसबंदीच्या ऑपरेशनला न्यायचं ठरलं, तेव्हा गाडीत तुम्हीच तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलात, टपरी बंद ठेवून. त्या दिवसाचा गल्ला मी देऊ केला तर रागावलात. यंदा भाद्रपदात टपरीमागं कुत्र्यांची झुंबड नव्हती. कानाला नसबंदीच्या खुणेची खाच पडलेली काळी पाइपात एकटी पाय ताणून झोपली होती. तीळनं जाऊन तिला हुंगलं, काळीनं एकदा गुरगुरून जागा करून दिली.

तुमचा,
खोकंवाला दादा