श्रीमंत गावांची शिरगणती : बंगल्यातले आणि कोपीतले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उजनीचे पाणी, त्यामागून आलेला ऊस, सांगोल्याकडचे डाळिंब आणि अलीकडे महामार्ग व पालखी मार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला, यांतून आपल्या सोलापूर जिल्ह्यातली अकलूज, टेंभुर्णी, मोडनिंब, सांगोला ही गावे पैशाने भरली. बायपासला लागून बंगल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पण त्या गावांत राहते कोण, याचे कागदावरचे उत्तर एक आणि प्रत्यक्षातले दुसरे. फेब्रुवारी 2027 मध्ये जनगणनेचा दुसरा टप्पा, म्हणजे माणसांची मोजणी आहे. तिथे चुकले की पुढची जनगणना होईपर्यंत तोच आकडा वापरात राहतो, म्हणून हे आताच लिहितो आहे.

रिकामा बंगला ओळखायला वीजबिल पुरते. स्थिर आकार आणि वर नाममात्र युनिट, महिनोन्‌महिने तेवढेच. नमुना 8 ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीत, घर मालकाच्या नावावर, घरपट्टी चोख, मतदार यादीत घरची पाच-सहा नावे. माणसे मात्र पुण्यात, वाकड-हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये; गावी येतात ती दिवाळीला, यात्रेला आणि मतदानाला. याच बंगल्याच्या मागे पत्र्याची एक खोली असते. पुढच्या स्टीलच्या गेटला कुलूप आणि मागे दोरीवर वाळत घातलेले लुगडे, लहान पोराची चड्डी. ते राखणदार जोडपे. त्यांचा दिवा बंगल्याच्या मीटरवर, पाणी बंगल्याच्या नळाचे, त्यामुळे वीज, पाणी, घरपट्टी या तिन्ही दप्तरांत ते नाहीतच. जनगणनेच्या व्याख्येत कुटुंबाची खूण म्हणजे एकत्र स्वयंपाक. मागे वेगळी चूल पेटत असेल तर ते वेगळे कुटुंब आणि त्याची वेगळी नोंद. प्रगणक पुढच्या गेटवरची बेल वाजवून ‘बंद’ असा शेरा मारून निघून गेला की ही नोंद गेली. बंगल्याला वळसा घालायला पाच मिनिटे लागतात.

मोठा घोळ मात्र ऊसतोडीचा आहे. घरयादीचा पहिला टप्पा देशभर एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळात ठरवला आहे. नेमक्या या महिन्यांत साखर कारखान्यांचा पट्टा पडलेला, म्हणजे गाळप बंद झालेले असते आणि बीड, धाराशिव, जतकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपापल्या गावी असतात. कोपी, म्हणजे या मजुरांची झोपडी, उभी राहते दिवाळीच्या आगेमागे. बांबूच्या कमानी, वर ताडपत्री किंवा पाचट, आत एक जोडपे, दोन-तीन पोरे, धान्याची पोती आणि बाजूला बांधलेली बैलजोडी. उन्हाळ्या-पावसाळ्यात केलेल्या घरयादीत आणि नजरी नकाशात ती दिसणार कशी? मग फेब्रुवारीत प्रगणक तोच नकाशा घेऊन फिरतो आणि नकाशावरच नसलेल्या वस्तीकडे त्याचे पाऊल वळत नाही. 2010 ची घरयादी याच महिन्यांतली होती आणि 2011 ची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारीची, ऐन गाळपातली. वेळापत्रकाची रचना तीच आहे, तेव्हा यंदाही तेच घडेल असे धरून चालावे.

नियम तसा सरळ आहे. मोजणीचा सगळा काळ जो जिथे राहतो, त्याची गणना तिथे. 2011 ला हीच पद्धत होती. म्हणजे फेब्रुवारीभर माळशिरस तालुक्यात तोडीला असलेल्या जोडप्याची नोंद माळशिरस तालुक्यात व्हायला हवी आणि महिनाभर पुण्यात असलेल्या बंगलेवाल्याची पुण्यात. घडते उलटे. बीडकडे घरी थांबलेली म्हातारी मुलासुनेची नावे तिकडे सांगते, कारण न सांगितल्यास रेशन तुटेल ही भीती. बंगलेवाल्याचा भाऊ ‘आम्ही इथलेच’ म्हणून सगळी नावे लिहवतो, आणि तीच पुण्यातही लागतात. जनगणना कायदा 1948 प्रमाणे ही माहिती गोपनीय असते. तिच्यावरून रेशनकार्डातले नाव कमी होत नाही की सातबाऱ्यावर काही चढत नाही. हे दोन्हीकडे दवंडी देऊन सांगायला हवे.

आकड्यावर काय काय अवलंबून असते, ते थोडक्यात : सपाट प्रदेशात 30 हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, 400 ते 800 लोकांमागे एक अंगणवाडी, नगरपरिषदेचा वर्ग, वित्त आयोगाच्या निधीतला वाटा. कोपीतल्या पोराचे लसीकरण चुकते त्याचे मूळ बऱ्याचदा इथे असते. अंगणवाडीच्या यादीत ते कुठल्याच गावचे नसते.

उपाय खर्चिक नाहीत. टोळ्या कुठे उतरल्या आहेत हे कारखान्याच्या शेतकी विभागाला आणि प्रत्येक गट ऑफिसला तोंडपाठ असते. तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय रोज तिथे जातो. तहसीलदारांनी जानेवारीत गट ऑफिसवार मुक्कामाची ठिकाणे लेखी मागवावीत आणि ती प्रगणकाच्या नकाशावर चढवावीत. फक्त एक ध्यानात ठेवावे : त्या कागदावर करार मुकादमाच्या किंवा वाहतूकदाराच्या नावे असतो आणि माणसे ‘कोयत्यां’त मोजलेली असतात. एक कोयता म्हणजे एक जोडपे. पोरे आणि म्हातारी माणसे त्यात नाहीत, म्हणून कोयत्यांची दुप्पट करून आकडा भरू नये. कोपीत जाऊनच नावे घ्यावीत.

जायची वेळही महत्त्वाची. टोळी पहाटे चार-पाचला फडात जाते. सकाळी अकराला कोपीवर गेलात तर पाळण्यातले मूल आणि त्याला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची बहीण भेटेल. संध्याकाळी सात ते नऊ ही खरी वेळ. रात्रपाळीचे शिक्षक-प्रगणक कुरकुर करतील, त्यांना वाहन आणि जादा भत्ता द्यावा; कुरकुर रास्त आहे. ताडपत्रीवर रंगाने घातलेला क्रमांक टिकत नाही, तो दर्शनी बांबूला पत्र्याची चकती बांधून घालावा. कारखान्याच्या यार्डात वजनकाट्याच्या रांगेत गाडीखाली झोपलेल्यांची कोपी दुसरीकडे असते, त्यांना 28 फेब्रुवारीच्या रात्रीच्या बेघर मोजणीत धरले तर ते दोनदा मोजले जातील. आणि ज्या वर्षी ऊस कमी, त्या वर्षी पट्टा फेब्रुवारीतच पडतो, तेव्हा कारखानास्थळाचे काम मोजणी सुरू होताच पहिल्या काही दिवसांत उरकावे आणि कुठली टोळी कोणत्या तारखेला परत गेली हे मुकादमाकडून लिहून घ्यावे.

आपला,
एक वाचक, सोलापूर